अंजिरी मोटार

एकलहऱ्यात बैलगाडी, दमणी, टांगा, काहीही रंगवायचं निघालं की लोक ते इब्राहिमच्या दारात आणून सोडत. पण हा रंग कुणाचा, असं विचारलं तर गावातलं शेंबडं पोरही सांगे, गुलजारबीचा. इब्राहिमचा हात चांगला होता, त्यात वाद नाही. चाकाच्या आऱ्यांवर तो अशी काही वेलबुट्टी काढी की गाडी चिखलात घालायचं मालकाच्या जिवावर येई. पण रंग घोटायची त्याची बायको. घरात पाटे दोन. एक चुलीजवळ, मसाल्याचा. दुसरा परसात चिंचेखाली, रंगाचा, आणि त्याला बावीस वर्षांत गुलजारबीशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. शेंदूर असो, नीळ असो की सफेता, उकळलेल्या जवसाच्या तेलात ती तो असा घोटी की चिमटीत धरला तर बोटांना कण म्हणून लागू नये. सासूनं शिकवलं होतं तिला हे, आणि सासू काही मायेनं शिकवणारी नव्हती. इब्राहिम सकाळी नमाज आटोपून आला की ओसरीवरूनच विचारी, "रंग झाला का?" तेवढ्या तीन शब्दांवर गुलजारबीचा दिवस छान जाई. दोन्ही मुली येवल्याला विणकरांच्या घरी दिल्यावर तर तिला दुसरं काही विचारणारं घरात उरलंही नव्हतं.

त्या साली टांगे आटले. नाशिक रोडच्या ठेसनावरून शहरात जायला मोटारी झाल्या, टांगेवाल्यांनी घोडी विकली. पोळ्याला दरसाल दहा-बारा गाड्या दारात रांगेनं लागायच्या. त्या साली तीन आल्या, आणि त्यातल्या एकाला नुसतं जू रंगवून हवं होतं. पाऊसही पिच्छा सोडत नव्हता. भाद्रपद लागला तरी रोज दुपार कलली की भुरभुर चालूच. घरात कपडा वाळेना, भिंतीला हात लावला तर ओला. इब्राहिम ओसरीवर बसून ब्रशाचे केस बोटांनी मोकळे करी आणि पुन्हा ठेवून देई.

अशात त्याचा धाकटा भाऊ निजाम मुंबईहून आला. सहा वर्षं त्यानं मोटारीच्या कारखान्यात रंगकाम केलं होतं. बरोबर बायको शकीला, एक ट्रंक, हवेच्या हातपंपाची लोखंडी टाकी, रबराच्या नळ्या, आणि फडक्यात गुंडाळलेली रंग मारायची बंदूक. घरात बंदूक आली ही बातमी गावभर झाली आणि संध्याकाळी पोलीस पाटील काठी टेकत परवाना विचारायला हजर. निजामनं त्याच्या उपरण्यावर नुसती हवा सोडून दाखवली, तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला.

बंदुकीची कीर्ती वरच्या आळीच्या रावजीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. रावजी खडीचा ठेकेदार. त्याच्या तीन लाऱ्या होत्या, आणि नुकतीच त्यानं देवळालीच्या एका साहेबाची जुनी मोटार घेतली होती. उघडी, कापडी टपाची, काळी; पण काळा रंग उन्हानं विटून राखेसारखा झालेला. बैलं लावून त्यानं ती परसात आणून उभी केली.

"निजाम, हिला अंजिरी करायची," रावजी म्हणाला. "दसऱ्याला सोनं लुटायला मी हिच्यातनं शिवेभायेर जाणार. समद्या गावानं बघितलं पायजे."

"होऊन जाईल," निजाम म्हणाला.

"नीट झाली तर तिन्ही लाऱ्या तुमच्याच. बिघडली तर मंग मी नाशकात देतो. मला कायी राग नाय यायचा, पर पुन्हा तुमच्या दारात नाय यायचा."

इब्राहिमनं गुलजारबीकडे बघितलं. तीन लाऱ्या म्हणजे वर्षभराचं काम. गुलजारबीनं पदर खोचला आणि मनात हिशेब मांडला, अंजिरी म्हणजे हिंगूळ, थोडी काजळी, नखभर नीळ. चार दिवस घोटावं लागेल.

"भाबी, घोटायचं नाय कायी," निजाम हसून म्हणाला. "रंग डब्यात तयार येतो. मुंबईहून दोन डबे आणलेत. आता नुसता पातळ करायचा. ते शकीला करती."

खोचलेला पदर गुलजारबीनं तसाच राहू दिला, कारण लगेच सोडला तर सगळ्यांना दिसलं असतं.

आठ दिवस घासकाम चाललं. जुना रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, पाणी मारून दगडानं घासायचं, मग निजामनं त्यावर अस्तराचा तांबडा हात दिला की पुन्हा बारीक कागदानं घासायचं. हे काम गुलजारबीच्या वाट्याला आलं. रावजीच्या मळ्यावरचा वाळू नावाचा गडी पाणी ओती आणि ती घाशी. बोटांची टोकं झिजून गुळगुळीत झाली, मिरची कुटली की आग होई. चिखलात उकिडवं बसून चाकाच्या वरच्या वळणात हात घालताना तिची कंबर धरे. घासायला कुणीही चालतं, हे तिला कळत होतं. वाळूलाही ते जमलं असतं.

आणि शकीला सावलीत बसलेली. तिशीच्या आतली, किडकिडीत, हातावर तेलाचा डाग नाही. मुंबईत निजाम चाळीमागच्या पडवीत फावल्या वेळची रंगकामं घ्यायचा. रंग पातळ करायच्या थिनरच्या वासानं त्याचं डोकं चढे, म्हणून कालवायचं काम तिच्याकडे आलं आणि तिच्या हाताला बसलं. तिनं समोर दोन पितळी मापं मांडली. डब्यातला रंग काकवीसारखा दाट. दुसऱ्या डब्यात थिनर, दिसायला पाणी, वास मात्र पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा. तो वास आळीभर गेला. शेजारची सरुबाई नाकाला पदर लावून आली आणि तिथंच बसून राहिली.

"अगं बया, केळ्याचं पाणी हाय का हे?"

"प्यायचं नसतंय, मावशी," शकीला म्हणाली. "मरशाल."

सरुबाई एवढी हसली की गुलजारबीला तिचा रागच आला. बावीस वर्षांत सरुबाई रंगाच्या पाट्याशी येऊन कधी अशी हसली नव्हती.

तांबड्या हातासाठी शकीला एक माप रंग घेई, त्यात सव्वा माप थिनर सोडी, आणि बांबूच्या कामटीनं ढवळे. मग कामटी उचलून धरी. आधी धार जाड पडे, मग बारीक, मग तुटून थेंब. थेंब पडायला लागले की ती ओठ हलवून मोजे. कुठल्या आकड्याला थांबायचं ते तिचं तिलाच माहीत. कधी चमचाभर थिनर आणखी घाली, कधी मान हलवून रंगच थोडा वाढवी. शेवटी मलमलीतून गाळून घेई.

हे काय काम झालं? ह्यातलं त्यात ओतायचं. ताकात पाणी घालणारीनं स्वतःला कोण समजावं, असं गुलजारबी मनात म्हणाली. म्हणाली खरी, पण घासता घासता तिचे कान तिकडे होते, आणि शकीलाचे ओठ हलताना तीही मोजत होती. बारा. तेरा. शकीला थांबली तेव्हा गुलजारबीचे अकराच झाले होते. तिचा जळफळाट झाला. आपण चोरून बघतो आहोत आणि तरी आपल्याला जमत नाही, हे दुहेरी दुखणं होतं.

त्यात निजामनं पाट्याला हात घातला. पंपाची टाकी ओल्या जमिनीत कलत होती. त्यानं इकडंतिकडं बघितलं, चिंचेखालचा पाटा ओढून आणला आणि टाकीखाली सरकवला. सपाट, जड, अगदी मापाचा. गुलजारबीनं इब्राहिमकडे बघितलं. इब्राहिम टाकीकडे बघत होता.

"आता कशी ताठ बसली," तो म्हणाला.

स्वयंपाकघर तेवढं गुलजारबीनं हातचं जाऊ दिलं नव्हतं. शकीलानं पहिल्याच दिवशी भाकरी थापायला हात पुढे केला होता.

"ऱ्हाऊ दे," गुलजारबी म्हणाली होती. "त्या वासाचे हात पिठाला नको लागायला."

तेव्हापासून शकीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसून वाढतील ते खाई. मीठ लागलं तर मागून घेई. निजाम बिचारा मोकळ्या मनाचा. सहा वर्षं मुंबईचं खाल्लेला. प्रत्येक जेवणाला म्हणे, "भाबीच्या हाताला काय चव हाय!" गुलजारबीला ते ऐकून बरं वाटे. शकीला मान खाली घालून जेवे. तिला कसं वाटतं, हे बघायची गुलजारबीला कधी गरज वाटली नाही.

दसऱ्याला तीन दिवस उरले. घासकाम संपलं. इब्राहिम सकाळी ओसरीवर आला, खाकरला आणि म्हणाला, "शकीला, रंग झाला का?"

चूल फुंकता फुंकता गुलजारबीच्या डोळ्यांत पाणी आलं. धूर होताच, म्हणून कुणाला काही सांगावं लागलं नाही. पण ती तशीच बसली, फुंकणी हातात घेऊन, आणि तिला त्या पोरीचा असा द्वेष वाटला की तिची तिलाच भीती वाटली.

त्या दिवशी आधी मागचं एक मडगार्ड मारून बघायचं ठरलं. परसाला गोणपाटं आणि जुन्या चादरी बांधून आडोसा केला होता. रंगावर धूळ बसू नये म्हणून गुलजारबीनं दरवेळेप्रमाणे जमिनीवर पाणी शिंपडलं. टांग्याला रोगण मारतानाही ती नेहमी शिंपडायची. तेवढं एक काम सांगायला कुणी लागत नव्हतं. वाळूनं पंप हाणायला सुरुवात केली. बंदूक फुसफुसली, अंजिरी धुकं उडालं आणि पत्र्यावर बसलं. सगळे वाकून बघत होते. आणि बघता बघता रंगावर साय धरावी तसा पांढुरका पडदा आला. अंजिरी गेला, राख फासल्यासारखं झालं.

निजामच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं पुन्हा हात मारला. पुन्हा पांढरं.

शकीला खाली बसली, जमिनीला हात लावला आणि म्हणाली, "हे पाणी कुणी टाकलं?"

वाळूनं पंपाचा दांडा सोडला.

"हवाच ओली हाय, त्यात जमीन भिजवली. ह्या रंगाला ओल चालत नाय. कुणी टाकलं?"

"मी टाकलं," गुलजारबी म्हणाली. "धूळ बसंल म्हणून."

"आपा, विचारायचं तरी." शकीला हळूच म्हणाली, पण वाळू होता, सरुबाई होती, गोणपाटाच्या फटीतून दोन-चार डोळे होते. "तुमचा तो तेलाचा रंग येगळा. हा नुसतं थिनर उडालं की सुकतो."

"बायकांना काय कळतंय त्यातलं," इब्राहिम पडेल आवाजात म्हणाला. त्यानं तिला वाचवायलाच म्हटलं होतं. गुलजारबीला ते शकीलाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. बायकांना म्हणजे कुणाला? शकीला बाईच होती. तिला कळत होतं.

मडगार्ड पुसायला निम्मं थिनर गेलं. उरलं ते मोटार एकदाच मारून होण्यापुरतं. पुन्हा बिघडलं तर पुन्हा पुसायची सोय नव्हती, हे निजामनं सगळ्यांना सांगितलं, आणि गुलजारबीनं ते नीट ऐकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी देवानं ऊन दिलं. वारा सुटला, चादरी वाजायला लागल्या, जमीन वरून सुकली. शकीलानं सकाळीच पहिला डबा बादलीत कालवून, गाळून, वर ताट झाकून ठेवला. दुपारी ऊन तापलं की मोटारीचा पुढचा भाग आणि दारं मारायची. दुसऱ्या डब्यात मागचा भाग, उद्या. सगळे जेवायला बसले. गुलजारबीनं वाढलं, निजामला दुसरी भाकरी दिली आणि पाणी आणते म्हणून परसात गेली.

तिच्या ओच्यात एरंडेलाची बाटली होती. इब्राहिमचं पोट धरतं म्हणून सोमवारच्या बाजारातून आणलेली, बूच न उघडलेली.

एरंडेल जन्मात वाळत नाही. रंगाच्या घरातल्या मांजरालाही हे ठाऊक. सासू तर एरंडेलाची वाटी पाट्याच्या आसपास दिसली तरी शिव्या घालायची. तिच्या वेळी कुणा नोकरानं जवसाच्या तेलाऐवजी ते घातलं होतं आणि सावकाराची दमणी सहा महिने चिकट राहिली होती. गुलजारबीच्या डोळ्यांपुढं मोटार उभी राहिली. अंगावर माश्या, धूळ, चिंचेची पानं डकलेली. रावजी आत बसतो आहे आणि त्याचं धोतर दाराला चिकटतं आहे. आणि सगळे शकीलाकडे बघताहेत. लाऱ्या जातील, हे तिला कळत नव्हतं असं नाही. जाऊ देत. त्या लाऱ्या आल्या तरी तिला काय? घासायलाच ना.

तिनं ताट उचललं, बूच दातानं काढलं आणि ओतलं. किती ओतलं हे तिनं बघितलं नाही. कान घराकडे होते. कामटीनं चार वेढे ढवळलं. तेल दिसेनासं झालं. ताट झाकलं, घरात आली, बाटली बाजरीच्या कणगीत खोल खुपसली आणि हात पदराला पुसत म्हणाली, "आणखी कुणाला काय हवं?"

दुपारी शकीलानं ताट काढलं. कामटी उचलली. गुलजारबी दारात उभी राहून बघत होती. धार पडली आणि पडतच राहिली, रोजच्यापेक्षा लांब. शकीलाचे ओठ हलायचे थांबले. तिनं कामटी नाकाजवळ नेली. मग मान वर करून तिनं सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"भरा," शकीला निजामला म्हणाली आणि बादली पुढे सरकवली.

वाळूनं पंप धरला. निजाम हात तिरका करून, एकसारख्या चालीनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत मारत गेला. एक हात झाला, थांबले. दुसरा झाला. गुलजारबी चिंचेला टेकून उभी होती. आता ओघळेल, आता चिकटेल. निजामनं बोटाची मागची बाजू दाराला लावली. गुलजारबीनं डोळे मिटले.

"सुकला!" निजाम ओरडला. "भाई, इकडं या. हे बघा!"

इब्राहिम गेला. वाळू पंप सोडून गेला. गुलजारबीलाही जावं लागलं. पत्रा कोरडा होता आणि त्यावर अंजिरी असा खोल चकाकत होता, की वरची चिंच, तिच्या फांद्या, मागून येणारी सरुबाई, सगळं त्यात दिसत होतं. बावीस वर्षांत तिनं घोटलेल्या कुठल्याही रंगाला अशी झळाळी आली नव्हती. तिनं हात लावला. झिजल्या बोटांनाही तो लोण्यासारखा लागला. हे कसं झालं ते तिला कळेना. तिच्या आयुष्यभराच्या विद्येनं तिला दगा दिला होता, आणि तोही त्या पोरीच्या भल्यासाठी.

दिवस मावळायच्या आत रावजी आला. मोटारीच्या दारात वाकून त्यानं आपल्या मिशा बघितल्या, पिळल्या, पुन्हा बघितल्या.

"आयला!" तो म्हणाला. "लाऱ्या तुमच्या. मागचं बी असंच पायजे मातर. पुढं आरसा आन् मागं तवा, असं नको."

"असंच व्हईल," निजाम म्हणाला, आणि बायकोकडे वळला. "पर शकीला, तू काय केलंस? आमच्या कारखान्यातल्या उस्तादच्या रंगाला असं पाणी चढायचं. तो कायतरी घालायचा, दार लावून. मरेस्तोवर कुणाला सांगितलं नाय त्यानं. तुला कसं ठावं?"

गुलजारबीला वाटलं, आता ही हसून मान खाली घालील आणि सगळं हिच्या पदरात पडेल.

"मी नाय," शकीला म्हणाली. "आपांनी घातलं कायतरी."

सगळे वळले. इब्राहिमचं तोंड उघडंच राहिलं.

"तू?"

एरंडेल हा शब्द तोंडातून गेला असता तर इब्राहिमला त्याच क्षणी कळलं असतं. तोही त्याच सासूचा, म्हणजे त्याच आईचा मुलगा होता. रंगात एरंडेल कुणी कशासाठी घालतं, हे त्याला समजावून सांगावं लागलं नसतं.

"घरचंच हाय," गुलजारबी म्हणाली. "सांगत नसत्यात असलं."

"घ्या! ही बी उस्ताद झाली!" इब्राहिम मांडीवर थाप मारून हसला, रावजी हसला, सरुबाईनं तोंडाला पदर लावला. शकीला तेवढी हसली नाही. बादली धुवायला ती विहिरीकडे निघून गेली.

सकाळी ऊन पुन्हा लख्ख होतं. दसरा दुसऱ्या दिवसावर आलेला. रावजी स्वतः येऊन बाजेवर बसला होता. शकीलानं दुसरा डबा कालवला, गाळला, उरल्यासुरल्या थिनरचा शेवटचा थेंब त्यात झटकला आणि बादली उचलून सरळ स्वयंपाकघरात आणून गुलजारबीपुढं ठेवली.

"घाला, आपा."

"तू भायेर जा."

"जाते की." पण ती जागची हलली नाही. "किती घालणार?"

गुलजारबी बादलीकडे बघत राहिली. किती? कमी पडलं तर मागचा भाग निस्तेज, जास्त झालं तर खरंच चिकट. पुढं आरसा, मागं तवा. काल बिघडलं असतं तर ते शकीलाचं होतं. आज बिघडलं तर गुलजारबीचं. साऱ्या गावानं तिचं नाव ऐकलं होतं. शकीलानं काल ते तिला चारचौघांत दिलं, तेव्हा काय दिलं होतं हे तिला आत्ता उमगलं. रात्रभर तिनं आठवून बघितलं होतं, बाटली किती कलली, किती वेळ कलली. काही आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त राग.

"मला नाय ठावं," ती शेवटी म्हणाली.

"बाटली नवी होती का?"

गुलजारबीनं झटकन वर बघितलं.

"वास आला हुता मला," शकीला म्हणाली. "कामटी नाकाला लावली तवाच. मला बी ठावं हाय, एरंडेल वाळत नाय ते. माझा बाप चाकं वंगणायचा त्यानं."

"मंग भरा म्हनलीस कशी?"

बादलीच्या कडेवरचा अंजिरी ओघळ शकीलानं बोटानं निपटला.

"मला वाटलं, बिघडू दे. बिघडलं की बाटली हुडकून काढीन आन् समद्यांपुढं ठेवीन. मंग बघू दे यांना, भाबीच्या हाताला काय चव हाय ते. महिना झाला मला या घरात येऊन, आपा. कालवणाला हात लावू दिला नाय तुम्ही. मीठ मागून खाते मी."

दोघी बादलीच्या दोन बाजूंना उकिडव्या बसल्या होत्या. बाहेर वाळू पंपाचा दांडा वर-खाली करून बघत होता. लाऱ्या बुडवायला दोघीही सारख्याच निघाल्या होत्या, असं गुलजारबीच्या मनात आलं. तिला शकीलाची कीव आली नाही. उलट एवढं सगळं ओळखून ही आपल्याआधी शहाणी ठरली, याचाच तिला पुन्हा मत्सर वाटला.

ती उठली. कणगीत कोपरापर्यंत हात घातला, बाजरी उपसली आणि बाटली काढली. काचेला दाणे डकले होते. ते पुसून तिनं ती शकीलापुढं धरली.

शकीलानं बाटली उजेडाकडे केली, तेलाच्या रेषेपासून गळ्यापर्यंत बोटं लावली. "चार बोटं. नवी होती म्हणता?"

"बूच मीच काढलं."

"काल बादली एवढीच भरली होती. मंग आज बी चारच." तिनं बाटली परत दिली. "आपा, यातलं नासवायला किती आन् चकाकायला किती?"

"समदं नासवायलाच होतं," गुलजारबी म्हणाली.

शकीलानं बाटलीवर कोळशानं खूण केली, तेलाच्या रेषेखाली चार बोटं. गुलजारबीनं ओतलं. शकीलानं खालून बाटलीला हात दिला. तेल खुणेपाशी आलं आणि दोघींनी एकदम बाटली उभी केली. मग शकीलानं बूच लावलं, पण बाटली खाली ठेवली नाही; स्वतःच्या ओच्यात घातली.

"ही माझ्यापाशी ऱ्हाईल," ती म्हणाली. "मी कुणाला सांगायची नाय. तुम्ही बी सांगू नका, मी वास घेऊन गप बसले ते."

"बरं."

"आन् सांजची चूल माझी."

गुलजारबीनं चुलीकडे बघितलं. मग मान हलवली.

शकीला बादली उचलून बाहेर गेली. तिच्यामागून बाहेर जायला गुलजारबीचं पाऊल उचलेना. ओसरीवर इब्राहिमचा आवाज चढला होता. "रावजीभाऊ, मुंबईचा उस्ताद दार लावून घालायचा ते माझी बायको डोळे मिटून घालती. बावीस वर्षं घोटलाय तिनं रंग. अशी बाई मिळायला नशीब लागतं." बावीस वर्षांत त्यानं चारचौघांत तिची एवढी तारीफ कधी केली नव्हती. ती दाराआड उभी राहून ऐकत होती, आणि बाहेर बादलीपाशी बसलेली शकीलाही ते ऐकते आहे, याखेरीज तिला दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं.